एकोणतीस तारखेचा नाताळ

माझा परदेशातला पहिला नाताळ २९ डिसेंबरला झाला.

तसा पंचवीस तारखेलाही झाला. त्या दिवशी मी तीन गावांत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केली, तीनदा तेच प्रवचन दिलं, शे-दीडशे पोरांच्या डोक्यांवर हात ठेवले आणि रात्री चिखलाने भरलेले बूट न काढताच खाटेवर आडवा झालो. पण तो नाताळ गावकऱ्यांचा होता. मी ड्युटीवर होतो. लग्नघरातल्या आचाऱ्याला विचारा, लग्न कसं झालं? तो सांगेल, भात थोडा कमी पडला.

ही गोष्ट झांबियाच्या उत्तर भागातली, कसामा शहराच्या पलीकडची. बेम्बा लोकांचा मुलूख. मी तिथे मिशनरी म्हणून गेलो तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली होती, बेम्बा भाषेचे सहा महिन्यांचे धडे झालेले होते, आणि आपल्याला ती भाषा येते असा एक गोड गैरसमज होता. मिशनचं मुख्य चर्च एक आणि त्याला जोडलेली तेरा खेडी. कुठे विटांचं लहानसं देऊळ, कुठे नुसतं गवताने शाकारलेलं छप्पर. फादर आम्ही दोघंच: मी, आणि माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असलेले एक पोलिश फादर. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "पहिल्या नाताळला तू रडशील. दुसऱ्यापासून डिझेल मोजशील."

डिझेल मोजायचं कारण साधं आहे. नाताळच्या दिवशी एका धर्मगुरूला तीन मिस्सा करायची मुभा असते. रात्रीची, पहाटेची, दिवसाची; तिन्हींच्या प्रार्थनाही वेगळ्या. दोन माणसं, चौदा ठिकाणं आणि पावसाळ्यातले रस्ते. गणित जमत नाही. त्यामुळे नोव्हेंबरातच एक वेळापत्रक टाइप होऊन साक्रिस्तीच्या, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीच्या, दारावर चिकटायचं. मोठ्या गावांना २४ ची रात्र आणि २५ चा दिवस, मग उरलेल्यांना सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. सगळ्यात तळाशी ओढ्यापलीकडच्या एका गावाचं नाव होतं: २९ डिसेंबर, सकाळी नऊ. चर्चच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. नाताळ आठ दिवस पाळतात आणि उपासनेच्या हिशेबात ते आठही दिवस एकच दिवस धरला जातो. बाळ आठ दिवस ताजंच असतं म्हणा ना. पण शिकताना वहीत उतरवून घेतलेली ही गोष्ट दारावरच्या कागदावर एखाद्या गावाच्या नावासमोर वाचली की वेगळी वाटते. मला त्या गावाची दया आली होती. बिचारे, एकोणतीस तारखेपर्यंत वाट बघणार.

त्याच महिन्यात आणखी एक काम असायचं, ते म्हणजे पत्र. जगभरच्या मिशनऱ्यांना हे पत्र चुकलेलं नाही. मायदेशी जे लोक तुमच्यासाठी प्रार्थना करतात, पैसे पाठवतात, त्यांना नाताळच्या आत पोचेल असं एक पत्र लिहायचं. आत पोचायचं तर नोव्हेंबरात लिहायला हवं, आणि नोव्हेंबरात नाताळ झालेला नसतो. मी वीस नोव्हेंबरला टेबलाशी बसून लिहिलं की इथले लोक साधे आहेत, त्यांच्या डोळ्यांत चमक आहे, ढोल वाजत आहेत, आणि या आनंदात मला घराची उणीव भासत नाही. त्या वेळी बाहेर एक कुत्रं भुंकत होतं. ढोल कुठेच नव्हता. ते पत्र माझ्या मावशीने जपून ठेवलंय आणि घरी गेलो की मला वाचून दाखवते. मी दरवेळी विषय बदलतो.

डिसेंबर तिथे भर पावसाळा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, आणि पाऊस म्हणजे पाऊस: दुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, लाल मातीचा रस्ता तासाभरात ओढा होतो आणि संध्याकाळी सगळं निथळून लख्ख. पहिल्या पावसांनंतर वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उडते, तिला इन्स्वा म्हणतात. चोवीस तारखेच्या रात्री आमच्या चर्चमध्ये जनरेटरवरचे दोनच दिवे, आणि आजूबाजूच्या काही मैलांत तेवढाच उजेड. गौरवगीत सुरू झालं आणि इन्स्वांचा लोंढा आत आला. दिव्याभोवती घिरट्या घालून ते वेदीवर पडत, पंख गळून जात आणि उघडं अंग पांढऱ्या कापडावरून चालू लागे. पुढच्या रांगेतली पोरं मिस्सा सोडून ते गोळा करून खिशात भरत होती. भाजले की शेंगदाण्यासारखे लागतात. चषकावर ठेवायला एक छोटा चौकोनी पुठ्ठा असतो, कापडाने मढवलेला. सेमिनरीत असताना मला तो निव्वळ शोभेचा वाटायचा. त्या रात्री मी एका हाताने तो पुठ्ठा दाबून धरून अख्खी मिस्सा केली.

त्याच रात्रीचं पहिलं वाचन यशया संदेष्ट्याचं. जगात सगळीकडे तेच असतं: अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, आणि कापणीच्या वेळी आनंद करतात तसा आनंद ते करतात. मी ते आयुष्यभर ऐकत आलोय. इथे कॅटेकिस्ट, म्हणजे गावातलेच धर्मशिक्षक, ते बेम्बात वाचत असताना माझी नजर समोरच्या माणसांवर गेली. कापणी एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात कणगीच्या तळाशी हात पोचलेला असतो, नाचणीचं पीठ मोजून घेतात, दोन वेळचं जेवण एक वेळ होतं. कापणीच्या आनंदाची आठवण द्यायला याहून वाईट महिना शोधून सापडला नसता. कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला मात्र पुढे प्रवचन द्यायचं होतं आणि मी लिहून आणलेल्या कागदावर 'कापणी' हा शब्द चार वेळा होता. मी तो चारही वेळा गाळला आणि त्याऐवजी पावसाबद्दल बोलायचं ठरवलं.

ते मी करायला नको होतं. बेम्बात पावसाला इम्फुला म्हणतात. मरणाला इम्फ्वा. त्या रात्री शब्द ठीक आले, पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या गावात, दमलेल्या जिभेने मी घोषणा केली की देवाने यंदा आपल्याला भरपूर आणि वेळेवर इम्फ्वा दिला, त्याबद्दल त्याचे आभार मानू या. चर्चमध्ये टाचणी पडेल अशी शांतता. मग मागे एका बाईला हसू आवरेना. मग सगळ्यांनाच.

घरी फोन करायचा तर शाळेमागच्या वारुळावर चढावं लागे. वारूळ म्हणजे दोन पुरुष उंच, वर झाड उगवलेलं. नेटवर्कच्या दोन दांड्या तिथेच यायच्या. भारत झांबियाच्या साडेतीन तास पुढे. पंचवीसच्या पहाटे साडेपाचला मी वर चढलो तेव्हा घरी नऊ वाजले होते. आईने फोन उचलला, "अरे, तू! थांब हं जरा, दारात पाहुणे आलेत," म्हणाली आणि फोन कुठेतरी ठेवला. टेबलावर असावा. भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी लहान मूल, भावाचं खो-खो हसणं. चुलतभावाने एक विनोद सांगितला, जो दरवर्षी मी सांगायचो. त्याने शेवटचं वाक्य घाईत उरकलं तरी लोक हसलेच. मी हॅलो हॅलो केलं नाही. चार मिनिटं नुसतं ऐकत राहिलो, आणि बॅलन्स संपला.

दुःख झालं म्हणावं तर तसंही नाही. राग आला होता. मी नाही म्हणून घरात काहीतरी खोळंबलेलं असेल, निदान आवाज थोडा कमी असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

पुढे एकदा विमानतळावर मॉर्मन पंथाचा एक तरुण मिशनरी भेटला, पांढरा शर्ट, काळी नावाची पट्टी. त्यांच्यात पोरं दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. त्या काळात त्यांना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा: नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून तो नियम सैल झाला, आता आठवड्याला बोलता येतं. मी त्याला म्हटलं, वर्षातून दोनदा म्हणजे किती बोलायचं साचत असेल. तो म्हणाला, उलट, काही सुचतच नाही, आई रडते आणि मी हवामान सांगतो. मला तो एकदम जवळचा वाटला. त्याच्या धर्मशास्त्राबद्दल माझी मतं बाजूला.

पंचवीसच्या रात्री झोप येईना तेव्हा मी आधीच्यांचे नाताळ मोजत पडलो होतो. मिशनऱ्याच्या एकटेपणाला असा एक बरा उपाय असतो, आपल्याहून जास्त एकटी माणसं आठवायची. या मुलखात आधी आले ते व्हाइट फादर्स या कॅथलिक मिशनरी संघाचे लोक, १८९५ मध्ये कायांबीला, १८९९ मध्ये चिलुबुलाला. त्यांचे फ्रेंच बिशप द्युपाँ यांना लोक मोतोमोतो म्हणायचे, म्हणजे आग-आग. म्बाला गावच्या म्युझियमला आजही तेच नाव आहे. नाताळ म्हटलं की ज्यांना थंडी आठवायची त्या माणसांना इथे घाम, डास आणि इन्स्वा. त्याच्याही आधी, बांगवेउलू सरोवराच्या बाजूला, स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनने आपला शेवटचा नाताळ काढला. १८७२. रोजनिशीत छोटीशी नोंद आहे: देवाचे आभार, एक बैल कापला, बरोबरच्या माणसांना मणी वाटले, हा आमचा मोठा सण म्हणून आज विश्रांती. पुढच्या १ मे रोजी तो चितांबोच्या गावात वारला. मला त्या नोंदीतला बैल आवडतो. आजारी, पावसात अडकलेला माणूस, तरी सणाचा हिशेब चोख.

पण मराठी माणसाच्या मनात अशा वेळी येतात ते थॉमस स्टीफन्सच. जेझुइट संघाचा हा इंग्रज धर्मगुरू एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसला, ऑक्टोबरात गोव्याला उतरला, गोव्यातल्याच साष्टी भागात राहिला, मराठीत ख्रिस्तपुराण रचलं आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. परत गेला नाही. मी अंधारात बोटांवर मोजलं: चाळीस नाताळ. मी एकाच नाताळात रडकुंडीला आलेला.

आणि त्यात एक गंमत आहे, ती मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळली. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडरची दुरुस्ती केली, दहा दिवस एका फटक्यात गाळले. पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली, पाठोपाठ गोव्यातही ती आली. पोपचं काही ऐकायचं नाही असं ठरवलेल्या इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर चालवलं. म्हणजे साष्टीत स्टीफन्स नाताळची मिस्सा करत असे तेव्हा लंडनमध्ये, जिथे त्याचे वडील व्यापारी होते, पंधरा डिसेंबर असायचा. आणि तिथे नाताळ उजाडायचा तेव्हा साष्टीत जानेवारीचा चौथा दिवस, सगळं आवरून ठेवलेलं. घरच्यांची आठवण नेमकी कोणत्या दिवशी काढायची, हेही त्याला ठरवून घ्यावं लागलं असेल. माझं आपलं साडेतीन तासांवर भागत होतं.

(सगळेच मिशनरी नाताळला असे व्याकूळ होत असतील असं नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ज्या न्यू इंग्लंडी प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, परंपरेतून आले, तिथे नाताळ हा सणच नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. घरी जो सण नाही त्याची परदेशात आठवण कशी येणार? त्या रात्री मला त्यांचा थोडा हेवा वाटला.)

आता एकोणतीस तारीख.

दोन दिवस पाऊस लागला होता. गाडी ओढ्याच्या अलीकडे सोडावी लागली, कारण ओंडक्यांचा पूल पाण्याखाली होता. कुठे आहे ते पाण्याला पडणाऱ्या भोवऱ्यावरून कळत होतं. पलीकडे त्या गावचे कॅटेकिस्ट सायकल घेऊन उभे. साठीचे गृहस्थ, अंगात कोट, पायांत काही नाही. ते पाण्यात उतरून अलीकडे आले, मिस्साची बॅग डोक्यावर घेतली आणि मला म्हणाले, माझ्या पावलावर पाऊल ठेवा. मी ठेवलं. तिसऱ्या पावलाला घसरलो. कमरेपर्यंत भिजलो आणि खिशातलं प्रवचन गेलं. त्यानंतर तासभर मी सायकलच्या मागे बसून, पांढरा झगा पोटाशी धरून, अशा अवस्थेत त्या गावात पोचलो जे माझी चार दिवस डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतं.

चर्चपाशी कोणी नव्हतं. एक शेळी होती.

"लोक कुठे आहेत?" मी विचारलं.

"शेतावर," कॅटेकिस्ट म्हणाले. "पाऊस उघडलाय, खुरपणी आहे. येतील."

"पण आज नाताळ..."

"नाताळ आम्ही पंचवीसला केला की, बा फादर." ते अगदी सहज सांगत होते. प्रार्थना झाली, वाचनं झाली, गाणी झाली, पोरांनी गव्हाणीचं नाटक केलं, दोन कोंबड्या कापल्या, पहाटेपर्यंत नाचले. फादर नसतो त्या दिवशी सगळं तेच चालवतात आणि वर्षातले बहुतेक दिवस फादर नसतोच. "फार छान झाला," ते म्हणाले. मग माझं तोंड बघून घाईने पुढे जोडलं, "तुम्ही आलात तेही बरं झालं."

मी भिजलेला, चिडलेला, एका बाकावर जाऊन बसलो. हळूहळू माणसं यायला लागली, हाता-पायांना चिखल, काही जणांच्या खांद्यावर कुदळी तशाच. एक म्हातारी आजी ढोल घेऊन आली. दमट हवेत चामडं सैल पडलेलं. थाप मारली की ओल्या पोत्यासारखा आवाज. तिने गवताची मूठ पेटवली, ढोल आडवा धरला आणि कातड्याची कड आगीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. थोडं फिरवायचं, अंगठ्याने टिचकी मारायची, कान द्यायचा. परत फिरवायचं. टप. टप. मग जरा वरचा, टक. मी बघत बसलो. घाई कोणालाच नव्हती. मलाही नव्हती, हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं. यानंतर कुठे जायचं नव्हतं. वेळापत्रकातली ही शेवटची ओळ.

आजीने माझ्याकडे न बघताच काहीतरी विचारलं. कॅटेकिस्टनी सावकाश, मला कळेल अशा शब्दांत परत सांगितलं. "आजी विचारतात, तुमच्या आईला मुलं किती?"

"तीन."

"बाकीचे दोघं कुठे असतात?"

"घरीच."

तिने मान हलवली. "मग बरं," म्हणाली आणि ढोल उलटा करून दुसरी बाजू शेकायला घेतली.

मिस्साला सत्तावीस माणसं होती. मी मोजली, कारण ख्रिस्तप्रसादाच्या भाकरी मोजून काढाव्या लागतात. प्रवचनाचा कागद लगदा झालेला, त्यामुळे मी चार वाक्यं बोललो. चौथं वाक्य पावसाबद्दल होतं. मी शब्द अगदी जपून उच्चारला, इम्-फु-ला, तर मागून एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, "इम्फ्वा?" आणि सगळं चर्च फुटलं. माझी ती चूक चार दिवसांत, भरलेला ओढा ओलांडून, माझ्या आधी इथे पोचली होती. कॅटेकिस्ट डोळे पुसत होते. मलाही हसू आवरेना. वेदीला धरून उभा राहिलो, पुढची प्रार्थना सुरू करायला गेलो आणि परत हसलो.

मग गीत झालं. आज आपला तारणारा जन्मला आहे. बेम्बात आजला लेलो म्हणतात. आजीचा ढोल आता खणखणीत लागला होता आणि ती माणसं, जी हे सगळं चार दिवसांपूर्वी गाऊन, खाऊन, नाचून मोकळी झाली होती, चिखलाच्या पायांनी ठेका धरून म्हणत होती, लेलो, लेलो. कोणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलेलं दिसलं नाही. मी त्यांच्याबरोबर गायलो. सूर लागला नाही, तो माझा कधीच लागत नाही.

संध्याकाळी मिशनवर परतलो. जेवण झाल्यावर बॅटरी घेतली, शाळेमागे गेलो, वारुळावर चढलो. साडेसात वाजले होते. घरी अकरा. बऱ्याच रिंगनंतर आईने उचलला, झोपेतला आवाज.

"काय रे? काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. हॅपी ख्रिसमस म्हणायला केला."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मागे घर एकदम शांत होतं, पंख्याची घरघर तेवढी.

"आज एकोणतीस तारीख आहे," ती म्हणाली.

"हो."

"वेडा आहेस." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब, बसते जरा. हं, सांग आता."